हॅरिसची तर

(दृश्य: सकाळचं सस्क्वेहाना नदीचं पात्र. पाण्यातून वर आलेले खडक. कॅमेरा हळूहळू काठावर येतो.)

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनियाची राजधानी. एका अंगाला फ्रंट स्ट्रीटची वर्दळ, दुसऱ्या अंगाला नदी. मधल्या हिरव्या पट्ट्यात लोखंडी कठड्याच्या आत एक थडगं आहे, जॉन हॅरिसचं. हा मूळचा इंग्लंडातल्या यॉर्कशरचा. वारला डिसेंबर १७४८ मध्ये. शहर मात्र त्यानं वसवलेलं नाही. ते १७८५ मध्ये आखलं त्याच्या मुलानं. मुलाचंही नाव जॉनच, त्यामुळे दोघांची गल्लत कायम होते.

हॅरिस इथेच का राहिला आणि त्याची तर, म्हणजे माणसं-माल नावेनं पलीकडे नेण्याची सोय, इथेच का होती, याचं उत्तर पात्रात आहे. इथे नदी मैलभर रुंद आहे, पण उथळ. तळाशी खडकाच्या आडव्या धारा. खोल बुडाची बोट इथे टेकते. चालते ती सपाट बुडाची नाव, तळाला लांब काठ्या टेकवून रेटलेली. अशी नाव सरळ पलीकडे नेता येत नाही, प्रवाह तिला खाली ओढतो. म्हणून आधी काठाकाठानं वर न्यायची आणि मग तिरकी सोडायची. पाणी चढलं की काठी तळाला पुरत नाही, आणि तर बंद पडते. पुढे कित्येक वर्षं या जागेचं नावच होतं ‘हॅरिसची तर’.

(दृश्य: हरणाच्या कातड्यांचा गठ्ठा, तांब्याची किटली, लोखंडी कुऱ्हाड.)

तरीच्या आधी होता व्यापार. १७०५ मध्ये हॅरिसला मूलनिवासींशी व्यापार करण्याचा परवाना मिळाला. १७१९ च्या सुमारास तो पॅक्सटँग या त्यांच्या जुन्या वस्तीजवळ स्थिरावला. या खोऱ्यात तेव्हा लेनापे, शॉनी आणि इतर लोकांची ये-जा होती. ते आणत हरणाची कातडी आणि इतर प्राण्यांची केसाळ कातडी. बदल्यात नेत बंदुका, दारू-शिसं, कुऱ्हाडी, किटल्या, जाड लोकरी कापड. बराचसा व्यवहार उधारीवर चाले: शिकारीआधी माल द्यायचा, शिकारीनंतर कातडी घ्यायची. शिकार फसली की उधारी पुढच्या हंगामावर जाई आणि शिकाऱ्याच्या डोक्यावर कर्ज साचत जाई. व्यापाऱ्याची चिंता निराळी होती. दमट हवेत गठ्ठ्याला किडे लागत, म्हणून कातडी पुन्हा पुन्हा उलगडून झटकावी लागत. बाजारपेठ होती फिलाडेल्फिया, शंभर मैलांवर, आणि माल जाई घोड्यांच्या पाठीवरून. या सगळ्यात रमचा पिंपही असे. रमनं केलेलं नुकसान वसाहतीच्या कायदे करणाऱ्यांनाही दिसत होतं. बंदी घालूनही ती थांबली नाही.

१७३३ मध्ये वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याकडून हॅरिसला इथली ८०० एकर जमीन मिळाली. व्यापारी आता जमीनदार झाला होता. ज्यांच्याशी त्यानं व्यवहार केला, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र आक्रसत गेली. स्मारकापुढे उभं राहताना हे ध्यानात असलं पाहिजे.

(दृश्य: रस्त्यापलीकडे दगडी वाडा.)

समोरचं दगडी घर मुलानं १७६६ मध्ये बांधलं. जागा निवडताना त्यानं पुराचं पाणी कुठवर चढतं हे पाहिलं आणि काठ सोडून उंचवट्यावर पाया घातला. तो हिशेब किती मोलाचा होता, हे नदीनं वारंवार दाखवलं. इथे पाणी १७ फुटांवर गेलं की पूर मानतात. जून १९७२ च्या ॲग्नेस वादळात ते ३२ फुटांच्याही वर गेलं. पुढे हे घर लिंकनचे पहिले युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांच्याकडे गेलं. आज तिथे डॉफिन काउंटीच्या इतिहास संस्थेचं संग्रहालय आहे.

(दृश्य: कठड्याचा एक गज, अगदी जवळून.)

असे कठडे दगडात भोक पाडून, गज उभा करून, भोवती वितळलेलं शिसं ओतून बसवतात. सांध्यात पाणी शिरलं की गज गंजतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. आतून दाब वाढतो आणि दगडाचा कोपरा उडतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ याला आणखी वेग देतं. वरून रंगाचा हात फिरवून भागत नाही. आधी सांधा कोरडा आणि बंद करायला हवा. अक्षरं कोरलेला दगड साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनंच धुवावा. तारेच्या ब्रशनं अक्षरांच्या कडा जातात, आणि गेलेली कड परत येत नाही.

राज्यभर रस्त्याकडेला दिसणाऱ्या, जागेचा इतिहास सांगणाऱ्या निळ्या-सोनेरी पाट्या १९४६ पासूनच्या, ओतीव ॲल्युमिनियमच्या. धावत्या गाडीतून वाचता यावं म्हणून जुन्या पाट्यांवर अक्षरं मोठी आणि वाक्यं मोजकी. एवढ्याशा मजकुरात नाव आणि साल मावतं. हर्क्युलिस मावत नाही.

(दृश्य: तुतीची पानं. मग पुन्हा थडगं.)

हर्क्युलिस हा हॅरिसचा कृष्णवर्णीय गुलाम. घराण्यातली कथा अशी: रम नाकारली म्हणून चिडलेल्या काही जणांनी हॅरिसला इथल्या तुतीला बांधलं, जाळायची तयारी केली. हर्क्युलिस नदीपलीकडे धावला आणि तिथल्या मित्र मूलनिवासींना घेऊन परतला. ही कथा लिहिली गेली ती फार नंतर, त्यामुळे तिला पुरावा मानता येत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. त्यात हॅरिसनं हर्क्युलिसला मुक्त करावं आणि आपल्या जमिनीवर राहू द्यावं असं लिहून ठेवलं. आपलं थडगं त्यानं याच तुतीखाली मागितलं. परंपरा सांगते, हर्क्युलिसलाही इथेच, जवळच पुरलं.