गाठोड्यातलं शेत

सकाळचे दहा. बेळगावच्या कोर्टाजवळच्या या वकिलांच्या ऑफिसात खानापूरहून, निपाणीहून, चंदगडहून माणसं येऊन बसलीत. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं आहे.

त्यातलं एक आता सुटतंय. तळाला आजोबांचं खरेदीखत, मोडीतलं. त्यावर मुंबई राज्याच्या काळातला मराठी उतारा. मग कानडीतली आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, इथल्या बोलण्यात पहाणी. सगळ्यात वर बँकेची इंग्रजी नोटीस. शेत एकच, भाषा तीन, लिप्या चार.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. सीमेचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दाखल केला, तो अजून चालू आहे. पण भावकीच्या वाटण्या त्यासाठी थांबत नाहीत.

या मावशींचं नाव आम्ही सांगणार नाही. माहेरचं थोडं शेत बेळगाव तालुक्यात, थोडं चंदगडात. भाऊ म्हणतात, तुझं लग्न १९९४ च्या आधीचं, तुला वाटा नाही. दोन्ही राज्यांनी त्या वर्षी मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. म्हणून इथं पहिला प्रश्न तोच: “मावशी, वाटणीपत्र कधी नोंदलं होतं काय?”

नव्हतं.

मग दावा कुठं घालायचा? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७ सांगतं, मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत असली तरी दावा कुठल्याही एका कोर्टात चालतो. बेळगावात घातला तर हायकोर्टाची वाट धारवाडची. चंदगडच्या बाजूनं घातला तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. साठी ओलांडलेल्या बाईला हा फरक एसटीच्या तासांत मोजावा लागतो.

पलीकडच्या टेबलावर उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीला मिळालेला, न वटता परत आलेला चेक आहे. गिऱ्हाईक पुण्याचं असलं, तरी पैसे घेणाऱ्याचं खातं बेळगावच्या शाखेत असल्यानं खटला इथंच चालेल. नोटीस मात्र तीस दिवसांच्या आत जायला हवी. करार, कर्जवसुली, जामीन, सगळी कामं याच ऑफिसात होतात.

पण आम्ही पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी जात राहिलो, जिथं मोडी वाचणारे काका बसतात. जुन्या उताऱ्यात ‘आकार’ म्हणजे शेतसारा. नवख्या भाषांतरकारानं त्याचं ‘क्षेत्रफळ’ केलं, तर सगळा हिशेब फिरतो. ‘चार आणे हिस्सा’ म्हणजे पैसे नव्हेत, पाव वाटा. काका एकेक ओळ मोठ्यानं वाचतात, शेजारी तरुण वकीलबाई कानडीत उतरवून घेतात.

दाव्याचा मसुदा तयार झालाय. सही घेण्याआधी तो मावशींना मराठीत वाचून दाखवतात, अगदी चतुःसीमेसकट. पूर्वेला ओढा, असं येताच मावशी हात वर करतात.

“ओढा पश्चिमेला हाय, बाई. पूर्वेला आमची विहीर. परत वाचा की.”

वकीलबाई पेन उचलतात.