मेनू बारचे उजवे टोक

मॅक संगणकाच्या पडद्यावर अगदी वरच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, तिला मेनू बार म्हणतात. तिच्या डाव्या बाजूला सफरचंदाचे चिन्ह आणि त्यापुढे चालू असलेल्या अ‍ॅपचे मेनू दिसतात. ही बाजू त्या त्या अ‍ॅपची असते आणि अ‍ॅप बदलले की तीही बदलते. उजवी बाजू मात्र बदलत नाही. घड्याळ, बॅटरी, वायफाय आणि त्यांच्या शेजारी वापरणाऱ्याने स्वतः निवडून आणलेली पाच-दहा बारीक चिन्हे तिथे दिवसभर असतात. दुसऱ्याचा मॅक समोर आला की जाणकार माणूस आधी हीच बाजू पाहतो, कारण हा संगणक कोण आणि कशासाठी वापरतो, याचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

ही पट्टी वरच्या कडेलाच असण्याला कारण आहे. १९८३ साली आलेल्या अ‍ॅपलच्या लिसा संगणकासाठी बिल अ‍ॅटकिन्सन यांनी खाली उघडणारे मेनू घडवले आणि २४ जानेवारी १९८४ रोजी लोकांसमोर आलेल्या मॅकिंटॉशनेही तीच रचना स्वीकारली. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम असा, की लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितका हात त्यावर लवकर पोहोचतो. पडद्याच्या कडेशी कर्सर आपोआप अडतो, त्यामुळे माउस कितीही जोरात वर ढकलला तरी तो पट्टीच्या पलीकडे जात नाही. नखापेक्षा लहान असलेले चिन्हही म्हणूनच चटकन हाती लागते.

पहिल्या मॅकिंटॉशच्या पट्टीवर साधे घड्याळसुद्धा नव्हते. वेळ पाहायची तर मेनूतून गजराच्या घड्याळाची वेगळी खिडकी उघडावी लागे. ही उणीव स्टीव्ह ख्रिस्टेन्सन या प्रोग्रामरने भरून काढली. त्यांच्या सुपरक्लॉक या छोट्या प्रोग्रामने पट्टीच्या उजव्या टोकाला वेळ दाखवायला सुरुवात केली आणि १९९४ मध्ये सिस्टम ७.५ ही मॅकची नवी कार्यप्रणाली आली तेव्हा अ‍ॅपलने ते घड्याळ आपल्या प्रणालीतच सामावून घेतले. पुढे हे पुन्हा पुन्हा घडले. रात्री पडद्याचा निळसर प्रकाश कमी करणारे एफ.लक्स २००९ मध्ये आले, तर अ‍ॅपलची नाइट शिफ्ट ही सोय मॅकवर यायला २०१७ उजाडले. रेक्टँगलसारखी अ‍ॅप्स खिडक्या अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर नीट मांडून देत होती, आणि ती सोय २०२४ मध्ये मॅकच्या सिकोया या आवृत्तीत प्रणालीचा भाग झाली. वापरणाऱ्यांना नेमके काय हवे आहे, हे या टोकावर आधी दिसते आणि मुख्यालयाला नंतर कळते, असे म्हणायला हा इतिहास मला पुरेसा वाटतो.

याच इतिहासातली मेनूमीटर्सची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. प्रोसेसरवरचा ताण, मेमरी, डिस्क आणि नेटवर्कची ये-जा हे सारे बारीक आलेखांत दाखवणारे हे अ‍ॅप अ‍ॅलेक्स हार्पर यांनी लिहिले आणि त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला ठेवला. अ‍ॅपलची स्वतःची चिन्हे ज्या अंतर्गत यंत्रणेतून पट्टीवर येत, तिचाच उपयोग हे अ‍ॅप करत असे; बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी ते दार अधिकृतपणे कधीच उघडे नव्हते. २०१५ च्या एल कॅपिटान आवृत्तीत ते दार पूर्ण बंद झाले आणि मेनूमीटर्स चालेनासे झाले. तेव्हा जपानमधील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ युजी ताचिकावा यांनी तो खुला कोड घेतला, चिन्हे दाखवण्याच्या अधिकृत पद्धतीवर तो बसवला आणि अ‍ॅप पुन्हा चालू केले. एका संशोधकाने सवयीचा आलेख डोळ्यांसमोर राहावा एवढ्यासाठी हे काम अंगावर घ्यावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. लॅपटॉपचा पंखा अचानक घोंघावू लागल्यावर वर नुसती नजर टाकून कारण शोधता येणे किती मोलाचे असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही धडपड समजेल.

लॅपटॉपला झोपू न देणारी अ‍ॅप्स हा या टोकावरचा आणखी एक जुना रहिवासी. कॅफीन या अ‍ॅपचे चिन्ह कॉफीच्या कपाचे होते. त्यावर क्लिक केले की कप भरलेला दिसे आणि मॅक स्लीपमध्ये जात नसे; पुन्हा क्लिक केले की कप रिकामा होई. आत घडते ते इतकेच, की अ‍ॅप प्रणालीला ‘मी सांगेपर्यंत झोपू नकोस’ अशी विनंती नोंदवते. हेच काम करणारी कॅफीनेट नावाची आज्ञा २०१२ पासून मॅकमध्ये मुळातच आहे, पण टर्मिनल ही आज्ञा टंकण्याची खिडकी उघडून ती लिहिण्यापेक्षा कप भरणे लोकांना सोपे वाटते. विल्यम गुस्टाफसन यांचे अँफेटामिन हे अ‍ॅप पुढे गेले. एखादे ठरावीक अ‍ॅप चालू असेपर्यंत किंवा डाउनलोड पुरे होईपर्यंतच जागे राहा, असे त्याला सांगता येते. डिसेंबर २०२० च्या अखेरीस अ‍ॅपलने त्याचे नाव आणि गोळीचे चिन्ह यांना आक्षेप घेतला आणि अ‍ॅप स्टोअरमधून ते काढून टाकण्याची सूचना दिली. गुस्टाफसन यांनी अपील केले, वापरणारे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि जानेवारी २०२१ च्या पहिल्याच दिवसांत तो निर्णय मागे घेण्यात आला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो आले आणि त्यांच्या पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध कॅमेऱ्यासाठी खाच आली. पट्टीची जागा आपोआप कमी झाली. चिन्हे वाढत जाऊन खाचेपर्यंत पोहोचली की पुढची चिन्हे दिसेनाशी होतात आणि ती दिसत नाहीत याची कोणतीही खूण पट्टीवर उमटत नाही. नवे अ‍ॅप टाकले, ते चालूही झाले, पण चिन्ह कुठेच नाही, अशा गोंधळात अनेकांचे तास वाया गेले आहेत. त्यामुळे चिन्हे आवरून ठेवणाऱ्या अ‍ॅप्सची गरज एकदम वाढली. त्यांपैकी हिडन बारची युक्ती मला फार आवडते. ते अ‍ॅप पट्टीवर एक दुभाजक ठेवते आणि बाणावर क्लिक केले की तो दुभाजक प्रचंड लांब होतो, त्यामुळे त्याच्या डावीकडची चिन्हे ढकलली जाऊन पडद्याबाहेर जातात. वास्तविक लपत काहीच नाही. रांग तेवढी पुढे सरकते.

या प्रकारातले एक जुने आणि नावाजलेले अ‍ॅप म्हणजे बेन सुर्टीस यांनी घडवलेले बारटेंडर. दुसऱ्या अ‍ॅप्सची चिन्हे ओळखता आणि हलवता यावीत म्हणून ते पडद्याचे चित्रण करण्याची आणि संगणक नियंत्रित करण्याची परवानगी मागते. वर्षानुवर्षांच्या विश्वासामुळे लोकांनी ती दिलीही होती. २०२४ च्या उन्हाळ्यात नव्या आवृत्तीवरची विकसकाची डिजिटल सही बदललेली आढळली आणि त्यातून अ‍ॅप दुसऱ्या कंपनीला विकले गेल्याचे उघड झाले. तोवर वापरणाऱ्यांना कुणी काही सांगितले नव्हते. अ‍ॅप विकणे हा निर्मात्याचा हक्क आहे, पण ज्याच्या हाती आपला सगळा पडदा दिला आहे तो माणूस बदलला, हे आधी कळायला हवे, अशी वापरणाऱ्यांची तक्रार होती आणि ती मला रास्त वाटते. त्यानंतर अनेक जण जॉर्डन बेअर्ड यांच्या आइस या खुल्या कोडच्या अ‍ॅपकडे वळले. सिस्टम सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात गेले की कोणत्या अ‍ॅपला कोणती परवानगी दिली आहे ते ओळीने दिसते. ती यादी वर्षातून दोनदा तरी वाचावी.

माझ्या मॅकवर आता चारच चिन्हे उरली आहेत. पहिले मेनूमीटर्सचे. दुसरे मॅकी या अ‍ॅपचे, जे कॉपी केलेला मजकूर साठवून ठेवते. जुन्या दस्तावरून टंकन करताना नाव, गट क्रमांक, तारीख असे एकामागून एक उचलावे लागते आणि साध्या क्लिपबोर्डवर दुसरे उचलले की पहिले पुसले जाते. मॅकीमध्ये शिफ्ट, कमांड आणि सी ही बटणे एकत्र दाबली की आधीचे सारे यादीत समोर येते आणि दोन अक्षरे टंकली की हवी ती ओळ सापडते.

तिसरे चिन्ह क्लॉकरचे आहे. न्यू जर्सीत राहणारी बहीण उन्हाळ्यात आमच्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलतात तेव्हा आईचा हिशेब दर वेळी एका तासाने चुकतो आणि फोन कधी वेळेआधी, कधी उशिरा जातो. क्लॉकरमध्ये पुणे आणि न्यूयॉर्क एकाखाली एक ठेवले आहेत. खालची सरकपट्टी पुढे ओढली की दोन्हीकडची वेळ सोबत सरकते, आणि रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेनऊ की साडेआठ, हे आई स्वतः पाहून ठरवते.

चौथे चिन्ह कुणी बाहेरून आणलेले नाही. तो मॅकचाच भाषा निवडण्याचा मेनू आहे. हा लेख लिहिताना देवनागरी आणि रोमन कळफलकांमध्ये मी असंख्य वेळा ये-जा केली आहे, आणि ज्या ज्या वेळी वर पाहायचे राहून गेले, त्या त्या वेळी वाक्याचा पहिला शब्द रोमन अक्षरांत उमटला आणि तो खोडून पुन्हा लिहावा लागला.