दात शार्कचे, डोकं देवमाशाचं

(दृश्य : बेळगावचा मासळी बाजार, सकाळची वेळ)

बेळगाव, खानापूर, निपाणीला समुद्र नाही, पण ताटात मासे असतात. चोर्ला घाटातून गोव्याची मासळी येते, आंबोलीतून मालवणकडची. त्यात अधूनमधून मोरी असते, म्हणजे लहान शार्क. "काटा नाही बघा अक्का, पोरांना बिनधास्त घाला," असं विकणारी सांगते, आणि ते शंभर टक्के खरं आहे. शार्कच्या अंगात हाडच नसतं, असते ती कूर्चा. मेल्यावर ती कुजते आणि मागं राहतात ते दात.

(दृश्य : तळहातावर मेगालोडॉनचा दात)

मेगालोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कची सगळी कुंडली अशी दातांवरून आणि मोजक्या मणक्यांवरून मांडलेली आहे. मोठ्यात मोठा दात सुमारे १८ सेंटीमीटर, कडा करवतीच्या. हा शार्क साधारण २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आला आणि ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. लांबीवर वाद आहे. कुणी १५ मीटर म्हणतं, तर २०२५ सालच्या एका अभ्यासानं २४ मीटरपर्यंत मजल नेली आणि अंगही सडपातळ ठरवलं. फुगवलेला पांढरा शार्क दाखवणारे सिनेमे त्यामुळं जरा अडचणीत आलेत.

बेळगावजवळच्या राजहंसगडावर असा दात सापडेल का? नाही. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि गोकाकच्या धबधब्याचा दगड तर पृथ्वीवर शार्क यायच्याही आधीचा.

देवमाशाचं मूळ मात्र आपल्याच उपखंडात आहे. जम्मूतल्या कालाकोटजवळ इंडोहायसची हाडं मिळाली. हा मांजराएवढा, खुरांचा प्राणी देवमाशांचा जवळचा नातलग. कच्छमधल्या ४ कोटी वर्षांहून जुन्या देवमाशांचं वर्णन अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७५ साली प्रसिद्ध केलं. जमिनीवर चार पायांनी धावणाऱ्यांचा हा वंश, म्हणून त्याचा कणा आजही वरखाली वाकतो आणि शेपूटही वरखाली हलते. शार्कची शेपूट डावी-उजवीकडं जाते. पोहण्यातला हा फरक पाहिला की दोघांची घराणी लगेच कळतात.

(दृश्य : पेरूचं वाळवंट)

२००८ साली पेरूच्या वाळवंटात तीन मीटर लांबीची कवटी सापडली. ती लिव्हायटनची, म्हणजे स्पर्म व्हेल या देवमाशाच्या जातकुळीतल्या, आता नामशेष झालेल्या शिकारी देवमाशाची. दात ३६ सेंटीमीटरचे, मेगालोडॉनच्या दुप्पट. पण लांबीवर जाऊ नका, यातला बराचसा भाग मुळाचा, जबड्यात रुतलेला. शार्कचा दात पडला की मागून नवा येतो. लिव्हायटनला ती सोय नव्हती, म्हणून त्याचा दात घट्ट धरायला, आणि शार्कचा कापायला. आजच्या स्पर्म व्हेलच्या वरच्या जबड्यात कामाचे दात नाहीत. याच्या दोन्ही जबड्यांत होते.

दोघांत झुंज झाली तर कोण जिंकेल, असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आम्हाला त्यापेक्षा खाण्याचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. पेरूतच छोट्या देवमाशांच्या हाडांवर मेगालोडॉनच्या दातांचे व्रण आहेत. लिव्हायटनचा जबडाही तसल्याच सावजासाठी घडलेला. त्यात मेगालोडॉनचं अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंश गरम असे, असं २०२३ सालचा अभ्यास सांगतो. वेगाला ते बरं, पण एवढं अंग गरम ठेवायचं तर पोट सतत भरलेलं हवं. समुद्र थंडावला, भक्ष्य कमी झालं, की असलं धूड आधी अडचणीत येतं.

(दृश्य : दक्षिण आफ्रिकेचा किनारा)

आज दोघंही नाहीत. शिकारी देवमासा म्हणून उरला ऑर्का, डॉल्फिनच्या कुळातला, सहा ते आठ मीटरचा. आईसोबत वर्षानुवर्षं राहून शिकार शिकणारा. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेत गान्सबाईच्या किनाऱ्यावर मोठे पांढरे शार्क मरून लागले. बाकी अंग बऱ्यापैकी शाबूत, यकृत गायब. तेलकट यकृत नेमकं कुठं असतं, हे ऑर्कांना ठाऊक होतं. त्यानंतर त्या भागातले शार्क जागा सोडून जाऊ लागले. २०२३ साली तर मॉसेल बेमध्ये एकट्या ऑर्कानं एक तरुण पांढरा शार्क दोन मिनिटांच्या आत संपवला.