हासाचं हाये का रडाचं?

नमस्कार मंडळी.

भाऊबीज होऊन आठवडा झाला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, लवकर येणारा हलका धान घरी आलाय, उशिराचा भारी अजून बांधीत, म्हणजे शेतात, उभा आहे. वडसा हे आमच्या नाटकधंद्याचं गाव, तिथं नाटक कंपन्यांच्या ऑफिसांसमोर मोटारसायकलींची रांग लागली आहे. गावोगावच्या मंडळांची माणसं तारखा धरायला आलीत. कोणाला पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशीची रात्र हवी, कोणाला मंडईच्या जत्रेची. त्या गर्दीत या वर्षी मीही होतो.

मी आमच्या गावच्या नाट्य मंडळाचा हिशेब अठरा वर्षं सांभाळतो. कलेवर बोलणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. मी आज धंद्यावर बोलणार आहे, तेही अजून उभंच न राहिलेल्या नाटकाच्या धंद्यावर.

झालं असं, की माझा भाचा नागपूरला नाटक शिकतो. दसऱ्याला आला तो एक वही घेऊन. म्हणाला, “मामाजी, मी सौभद्र नव्यानं लिहिलंय. क्वीअर सौभद्र. आपल्या झाडीपट्टीत चालंल का, सांगा.” क्वीअर हा शब्द त्यानंच मला समजावला. ज्यांचं प्रेम, किंवा ज्यांचं बाईपण-पुरुषपण, आपण आखलेल्या रेघेत बसत नाही, अशा सगळ्या माणसांसाठी तो शब्द वापरतात. आधी शिवी होती, मग त्याच माणसांनी ती उचलून आपलं नाव केली.

संगीत सौभद्र अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ सालचं. गोष्ट जुन्या माणसांना पाठ आहे. सुभद्रेचा जीव अर्जुनावर, थोरला भाऊ बलराम तिची सोयरीक दुर्योधनाशी ठरवून मोकळा. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, बलराम भक्तिभावानं त्यालाच घरात घेतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. मागून सगळी सूत्रं कृष्णाच्या हातात. भाच्याच्या वहीत एवढाच फरक की संन्याशाच्या वेषात जो येतो तो पुरुष नाही, बाई आहे. सुभद्रेला ते ठाऊक आहे, कृष्णाला ठाऊक आहे, बलरामाला नाही. पदं बहुतेक जुनीच.

मी वही वाचली आणि पहिल्यांदा खर्चाकडं पाहिलं, सवयच ती. मूळ लेखकाचं मानधन शून्य. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि किर्लोस्कर तर १८८५ सालीच गेले. संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागेल, ते कुठल्याही नाटकाला लागतंच. राजवेष भाड्यानं मिळतात. पंचाईत गाण्यांची आहे. नाट्यपद उभं करणारा गळा हंगामात सहज सापडत नाही, आणि इथं तसे दोन गळे हवेत, दोन्ही बायांचे. म्हणजे नाईट, कलावंतांचा एका रात्रीचा मेहनताना, वाढली.

भाच्यानं मला अमेरिकेतलं एक उदाहरण ऐकवलं. ‘कॅट्स’ नावाचं एक संगीत नाटक आहे. १९८१ साली लंडनमध्ये आलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं आणि तिथं २००० सालापर्यंत चाललं. ७,४८५ प्रयोग! आपल्याकडं एखादी कंपनी हंगामात शंभरी गाठते तर पेढे वाटतात. या नाटकात मांजरं एका रात्री जमतात आणि त्यांतल्या एकाला नवा जन्म मिळणार असतो. २०२४ साली न्यूयॉर्कच्याच एका छोट्या, ना-नफा तत्त्वावरच्या नाट्यगृहात ते नव्यानं बसवलं. गाणी तीच, पण मांजरांचा मेळा नेला हार्लेमच्या ‘बॉल’मध्ये. हार्लेम हा काळ्या लोकांचा जुना मोहल्ला. घरच्यांनी टाकलेले काळे आणि लॅटिनो समलिंगी, तृतीयपंथी तिथं आपापली ‘घरं’ करून राहिले. रात्री जमून नटूनथटून चालायचं, पंच बसायचे, करंडक मिळायचे, त्याला बॉल म्हणतात. निवड होणार हे मूळ नाटकातच होतं, त्यामुळे नवं कापड जुन्या शिवणीवर बरोबर बसलं. मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आणि पुढं ते ब्रॉडवेवर न्यायचं जाहीर झालं.

भाचा खूश. मी म्हटलं, थांब. त्यांच्याकडं ‘कॅट्स’ हे नाव म्हणजे वाजवून घेतलेला रुपया आहे. जुन्या नावावर लोक येतात आणि नव्या रूपाची बातमी होते. आपल्याकडं सौभद्र हे नाव कोणाला गर्दीत ओढून आणंल? माझ्या वयाच्या चार म्हाताऱ्यांना, तीही थंडी कमी असली तर. आमच्या पोस्टरवरची नावं वेगळी असतात. बहीण, कुंकू, सौदा, शाप, त्यातले दोन शब्द जोडले की नाटक तयार. तेव्हा नाव बदलावं लागेल. भाच्याचं तोंड उतरलं, पण धंदा म्हणजे धंदा.

आता आजोबांची गोष्ट सांगतो, कारण या विषयावर कोणीही बोललं की पहिला दाखला येतो तो बाईचं काम करणाऱ्या पुरुषांचा. भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा केली, बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची बायका नक्कल करायच्या, आमच्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांत नाचे पुरुषच. मग नवं काय त्यात? माझे आजोबा मंडळाच्या नाटकात सुभद्रा करायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत मिशी नाही. गावात कोणी हसायचं नाही, उलट न्हावी पैसे घ्यायचा नाही. आजीनं आपलं हिरवं लुगडं त्यांच्या पेटीसाठी वेगळं काढून ठेवलं होतं, ते तिनं स्वतः कधी नेसलं नाही.

पण खरं सांगू? हा दाखला मला पटत नाही. आजोबा सुभद्रा झाले की लोक ते पुरुष आहेत हे विसरायचं ठरवून बसायचे. तिकीट त्या विसरण्याचं होतं. भाच्याच्या नाटकात विसरायचं नाही, बघायचं आहे. दोन बाया आहेत, एकमेकींवर जीव लावून आहेत आणि हे नाटक संपल्यावरही तसंच राहणार आहे. माल वेगळा आहे, जुन्या दरात खपणार नाही.

तर मग गिऱ्हाईक कोण? इथं बाहेरच्यांची नेहमी चूक होते. त्यांना वाटतं, गिऱ्हाईक म्हणजे प्रेक्षक. झाडीपट्टीत कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे मंडळ. दहा-बारा माणसं वडशाला जातात, नाटक न पाहताच कंत्राट करतात, इसार देतात आणि त्या रात्रीचा सगळा धोका आपल्या डोक्यावर घेतात. आकडे सोयीचे धरू. समजा ८० हजारांत नाटक ठरलं आणि तिकीट १०० रुपये. नुसतं कंत्राट फिटायला ८०० तिकिटं हवीत. मंडप, लाइट, नटमंडळींचं जेवण अजून बाजूलाच. ८०० भरली नाहीत तर उरलेले पैसे त्या दहा-बारा घरांतून जातात. आमच्या मंडळात एकानं एका वर्षी बैल विकायला काढला होता. असा माणूस नवीन प्रयोग विकत घेईल का? त्याला सांगून पाहा बरं, की हे नाटक समाजाचे डोळे उघडणार आहे. तो चहा पाजंल आणि शेजारच्या ऑफिसात जाईल.

शिवाय पाहुणे. नाटकाच्या रात्री आमच्याकडं घरटी दहा-दहा पाहुणे असतात. लेकी-जावई, व्याही, साळे. दिवसा शंकरपट, रात्री नाटक आणि मधल्या वेळात अंगणात खाटेवर बसून उपवर पोरापोरींची चौकशी. कितीक सोयरिकी या दिवसात जुळतात. माझी स्वतःची जुळली, अर्धं नाटक मी पाहिलंच नाही. तेव्हा मंडळातल्या माणसाच्या मनात पहिला सवाल येतो तो नीती-अनीतीचा नसतो. व्याह्याच्या शेजारी बसून हे पाहता येईल का, एवढाच असतो.

गंमत अशी की इथंच मला भाच्याची बाजू लंगडी वाटायची थांबली. सौभद्र म्हणजे तरी काय आहे? सोयरिकीचंच नाटक. घरच्या कर्त्यानं परस्पर ठरवलेलं लग्न आणि पोरीचा जीव भलतीकडं. “वद जाऊं कुणाला शरण” हे सुभद्रेचं पद. जिच्या मनाविरुद्ध अंगणात खाट टाकली गेली, अशी एक तरी बाई त्या मंडपात प्रत्येक ओळीत बसलेली असते. ती बाई गाण्यातला राग ओळखणार नाही, पण ते पद कोणासाठी आहे हे तिला बरोबर कळंल. समोर संन्याशाच्या वेषात बाप्या आहे की बाई, हा तिच्यासाठी दुसरा प्रश्न. पहिला हा, की पोरीला कोणी विचारलं का?

मला भीती आहे ती हशाची. आमच्या नाटकात नाच्या, बायल्या, टाळ्या वाजवणारा, अशी पात्रं वर्षानुवर्षं विनोदासाठी ठेवलेली. शिट्ट्या पडतात, बक्षिसं पुकारली जातात, कंपनीला ते हमखास येणं आहे. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या गावातच एका नाटकात असा तृतीयपंथी होता. अर्धी रात्र लोक त्याला हसले. पहाटे तीनच्या सुमाराला त्याचा आईसमोरचा प्रवेश आला. आमच्याकडं नाटक चाललं की पडलं ते चहाच्या ठेल्यावरून कळतं. प्रवेश ढिला पडला की माणसं उठून आलूबोंडा खायला जातात. त्या प्रवेशाला ठेल्यावर कोणी नव्हतं, आणि स्टोव्हची घरघर आड येते म्हणून ठेलेवाल्यानं स्टोव्हच विझवला. मंडपाच्या बांबूला टेकून तोही उभा राहिला. थंडीचे दिवस, पहाटे तीन ही त्याच्या कमाईची वेळ. मी त्या रात्रीचा हिशेब नंतर लिहिला, पण ती नोंद कोणत्या रकान्यात टाकायची ते मला कळलं नाही.

म्हणून माझं मत असं आहे, की हे नाटक चालंल, पण हसवून नाही. त्या दोघींवर एक जरी विनोद ठेवला तर पहिल्या गावात शिट्ट्या मिळतील आणि पुढच्या गावात बाया येणार नाहीत. बाया आल्या नाहीत की झाडीपट्टीत नाटक बसलं, मग पोस्टरवर कोणीही असो.

दुसरं, मंडळाला फसवायचं नाही. नुसती ‘दोन नायिका’ म्हणून विकायचं आणि मध्यरात्री गाव चकित करायचं, असा सल्ला भाच्याला कोणीतरी दिला होता. गाव चकित झालं तर ती बातमी सकाळी पटावर पोहोचते आणि संध्याकाळपर्यंत चार तारखा रद्द होतात. हंगाम उणापुरा चार महिन्यांचा, सावरायला वेळ नसतो. मंडळाला सगळी गोष्ट आधी सांगायची. न्यूयॉर्कवाल्यांनीही आधी छोट्या हॉलमध्ये पाहिलं ना? आपला तसा हॉल म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा. तिथं एकदा करा, मंडळवाल्यांना गाडीत घालून दाखवायला न्या आणि मग दर सांगा.

राहता राहिला शेवट. पहाटे पाच वाजता दवानं भिजलेल्या माणसाला एकतर लग्न लागतं, नाहीतर मरण. तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’मध्ये बाईवर प्रेम करणारी बाई मराठी रंगभूमीवर आणली, तीही शेवटी जीव देते. भाचा म्हणतो, आता मारायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या सप्टेंबरात असं प्रेम गुन्हा नाही म्हटलं, पण २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं अशा लग्नाला मान्यता देणं संसदेवर सोडलं. मग शेवटी मंगलाष्टका म्हणायच्या कशा? मी म्हटलं, द्वारकेत सर्वोच्च न्यायालय कृष्ण आहे, त्याला विचार.

परवा त्याला घेऊन वडशाला गेलो. एका कंपनीचे मालक ओळखीचे आहेत. त्यांनी गोष्ट ऐकली, पान लावता लावता. मग पहिला प्रश्न.

“हासाचं हाये का रडाचं?”

“रडाचं,” मी म्हटलं.

“दोघी पोट्ट्याच? लगन लागते का शेवटी?”

“लागते,” भाचा म्हणाला.

मालकांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. उभ्याउभ्याच वाचलं, ओठ हलवत. मागं प्रॉम्प्टर दुसऱ्याच कुठल्या नाटकाची वही उतरवत बसला होता, त्याचाही पेन थांबलेला दिसला.

“अंतरपाट कोन धरते?”

“बलराम.”

मालक काही वेळ बोलले नाहीत. पान तोंडात टाकलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. ठरलेल्या तारखा त्यांनी लाल पेनानं लिहिल्या होत्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका रिकाम्या चौकोनात त्यांनी शिसपेन्सिलनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि भाच्याला विचारलं, “संन्याशाचं पद म्हननारी पोट्टी हाये का तुह्याजवळ, का मीच शोधू?”

नमस्कार.