चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

एस.टी.ची लाल बस कोण बनवतं, असं विचारलं की बहुतेक जण टाटा नाहीतर लेलँड म्हणतात. अर्धं बरोबर आहे. त्यांच्याकडून वर्षानुवर्षं यायची ती नुसती चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा. तिच्यावर बॉडी चढायची ती दापोडीसारख्या एस.टी.च्याच वर्कशॉपांत. हे एवढ्यासाठी सांगतोय, की आजचा आपला विषय, रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, ही गाडीसुद्धा अशीच विकली जायची. जवळजवळ हजार पौंड मोजायचे आणि घरी काय न्यायचं? इंजिन, चाकं, स्टेअरिंग. बसायला सीटसुद्धा नाही!

मग ती चासी जायची बार्कर, हूपर अशा लंडनच्या बग्गीवाल्यांकडे. बार्करचं घराणं अठराव्या शतकापासून घोड्यांच्या बग्ग्या बांधत होतं. आधी सुतार ॲशच्या लाकडाचा सांगाडा उभा करायचा. क्रिकेटचे स्टंप होतात तेच हे लाकूड. चिवट, हिसके सोसणारं. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बसवायचा. तिरक्या उजेडात एकही ठोका दिसता कामा नये. मग रंगाचा हात, वाळवण, घासणं, पुन्हा हात. यात आठवडेच्या आठवडे जायचे. जाता जाता सांगतो, आपण ज्याला डॅशबोर्ड म्हणतो ती मुळात बग्गीची फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून लावलेली.

१९०७ मध्ये कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ६०५५१ नंबरच्या चासीवर बार्करकडून उघडी बॉडी बांधून घेतली. रंग ॲल्युमिनियमचा, दिव्यांना आणि कड्या-मुठींना चांदीचा मुलामा, आणि नावाची पाटी: ‘द सिल्व्हर घोस्ट’. म्हणजे हे नाव त्या एकाच गाडीचं. मॉडेल होतं ‘४०/५० हॉर्सपॉवर’. सगळ्यांनाच सिल्व्हर घोस्ट म्हणायची रीत पक्की झाली ती १९२५ मध्ये फँटम हे पुढचं मॉडेल आल्यावर.

चांदी बार्करची, पण भूत रॉइसचं, म्हणजे कंपनीचा इंजिनिअर हेन्री रॉइस याचं. गाडी आली तरी चाहूल लागत नाही, म्हणून भूत. सहा सिलिंडरच्या इंजिनाची तेव्हा मोठी अडचण होती. लांबलचक क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ओलं धोतर पिळावं तसा पिळला जायचा, थरथरायचा, कधी तुटायचाही. रॉइसनं सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत मांडले, क्रँकशाफ्ट जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि त्यात दाबानं तेल खेळवलं. मला विचाराल तर या गाडीतली खरी चैन इथे आहे, बोनेटच्या आत. चांदीचा मुलामा काय, कुणीही देईल.

जॉन्सननं मग ही गाडी लंडन-ग्लासगो रस्त्यावर रात्रंदिवस पळवली, रविवार तेवढा सोडून. एकूण १५,००० मैल. सुरुवातीलाच, ६२९ मैलांवर ती बंद पडली. कारण? धक्क्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता! त्यानंतर १४,३७१ मैल बिघाडानं थांबणं नाही. शेवटी परीक्षकांनी गाडी खोलली. झिजलेले भाग बदलायचा खर्च निघाला २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स.

आता आपल्याकडे येऊ. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा झाली. तिच्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट उतरली होती. वाटेत घाट. तेव्हाच्या त्या रस्त्यांवर, त्या अरुंद टायरांवर, सुमारे ६२० मैल. गाडीनं बाजी मारली, आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

पहिल्या महायुद्धात याच चासीवर ब्रिटिशांनी चिलखती पत्रा आणि मशीनगनचा बुरूज चढवला. अरबस्तानच्या वाळवंटात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेल्या ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सच्या दिमतीला असलेल्या गाड्या त्याच. तिथे बार्करचं काही नव्हतं. रॉइसचं सगळं होतं.