व्हिसा बुलेटिनची चौथी ओळ

(दृश्य : न्यूयॉर्क, जमैका अॅव्हेन्यू. क्वीन्स फॅमिली कोर्टाच्या दारातली तपासणी.)

नाणी ट्रेमध्ये, पट्टा हातात. रांगेतला हा मुलगा कल्पनेतला आहे, त्याला लागू होणारा कायदा मात्र खरा. वय १७, गाव होंडुरासमधलं. बाप लहानपणीच परागंदा झाला, आईनं वाढवलं. इथे तो मावशीकडे राहतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जन्मदाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर.

इथे ताबा, पोटगी, पालकत्व यांचे खटले चालतात. इमिग्रेशनशी या कोर्टाचा संबंध नाही, तरी अमेरिकेत राहू बघणाऱ्या अशा मुलाची पहिली पायरी हीच. कायदा १९९० चा, नाव 'स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल', म्हणजे पालकांनी टाकलेल्या परदेशी मुलांसाठी ग्रीन कार्डाची वाट. वकील नुसतं 'सिज' म्हणतात.

न्यायाधीश व्हिसा देत नाहीत, नोंद करतात : बापानं वाऱ्यावर सोडलं, त्याच्याकडे परत जाता येत नाही, मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही.

(दृश्य : रिकामी साक्षीची खुर्ची, शेजारी दुभाष्याची.)

ही नोंद व्हावी म्हणून मुलाला सांगावं लागतं. बापाचा शेवटचा फोन कधी आला? पैसे कधी पाठवले? कधीच नाही, हे उत्तर दुभाष्याच्या तोंडून पुन्हा एकदा खोलीभर ऐकू येतं. ज्याचा ठावठिकाणा नाही, त्या बापाला नोटीस पोचवायची खटपटही करावी लागते.

पूर्वी मूल दीर्घकाळ फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी, ठेवण्याजोगं ठरावं लागे. २००८ च्या दुरुस्तीनं एका पालकानं छळलं, हेळसांड केली किंवा टाकून दिलं तरी पुरेसं झालं. इमिग्रेशन खात्याकडचा पुढचा अर्ज, आय-३६०, एकविसाव्या वाढदिवसाआधी गेला पाहिजे, आणि अर्जदार अविवाहित हवा. काही राज्यांत फॅमिली कोर्टाचं दार अठराव्या वर्षीच बंद होतं.

(दृश्य : मोबाइलवर उघडलेलं व्हिसा बुलेटिन, ग्रीन कार्डाच्या रांगेचा दरमहा निघणारा सरकारी तक्ता.)

अर्ज मंजूर झाला तरी ग्रीन कार्डाची रांग आहेच. एच-१बीवर गेलेली आपली मंडळी दर महिन्याला ईबी-२, ईबी-३ या नोकरीच्या वर्गांच्या तारखा डोळ्यांत तेल घालून बघतात ना, त्याच तक्त्यात दोन ओळी खाली ही मुलं आहेत, ईबी-४ मध्ये. म्हणजे नोकरीच्या कोट्यात, धर्मोपदेशकांच्या सोबत! टाकून दिलेल्या पोराला या रांगेत उभं करायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? ईबी-४ चा वाटा वर्षाला नोकरीच्या सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डांपैकी ७.१ टक्के. थांबावं लागतं ते वर्षानुवर्षं.

या काळात हद्दपारीपासून दिलासा आणि कामाचा परवाना देणारं धोरण २०२२ मध्ये आलं, २०२५ मध्ये सरकारनं ते मागे घेतलं. मग हे मागे घेणंही कोर्टात गेलं.

(दृश्य : कोर्टाच्या पायऱ्या. मुलगा फोनवर बोलतोय.)

आईला सांगतोय, न्यायाधीशांची सही झाली. कधीतरी त्याला ग्रीन कार्ड मिळेल, पुढे कदाचित नागरिकत्वही. पण या वाटेनं आलेल्या मुलाच्या नात्यावर आईबापांना कधीच अमेरिकेत येऊन राहता येत नाही. सोडून गेलेल्या बापाला नाही, हे समजतं. वाढवणाऱ्या आईलाही नाही.