भूल उतरल्यानंतर

(पडद्यावर: खाटेवर टेकून बसलेली आई. प्रश्न ऐकू येतो.)

१०० मधून ७ वजा करा. ९३. पुन्हा ७. ८६. पुन्हा... आणि इथे ती अडते.

सिझेरियन होऊन जेमतेम काही तास झालेत. तिचं गणित कुणी तपासत नाहीये. भुलीचा अंमल कितपत उतरला, ते पाहणं चाललंय. ३० गुणांच्या या चाचणीत तारीख-वार सांगायचा असतो, तीन शब्द ध्यानात ठेवायचे असतात.

(पडद्यावर: भुलीची सुई, अगदी जवळून.)

बहुतेक सिझेरियन कमरेतून भूल देऊन होतात. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची सुई मणक्यांच्या फटीतून आत जाते, दोन-अडीच मिलिलिटर औषध सुटतं आणि छातीपासून खालचं अंग बधिर होतं. आई जागी असते, बाळाचं रडणं ऐकते. पूर्ण भुलीत मात्र औषध थेट मेंदूलाच झोपवतं. जाग आल्यावर काही तास गुंगी राहिली, शब्द पटकन सुचले नाहीत, तर त्यात नवल नाही.

कमरेतल्या भुलीतही रक्तदाब घसरला की गरगरतं. घाबरलेल्या आईला मिडाझोलाम हे गुंगी आणणारं औषध दिलं, तर पुढचा काही वेळ आठवणीतून पुसला जाऊ शकतो, आणि नेमका त्याच वेळात बाळाचा जन्म असतो! म्हणून भूलतज्ज्ञ ते शक्यतो टाळतात.

दोन्ही भुलींची तुलना करताना मेख वेगळीच आहे. पूर्ण भूल बहुधा कुणाला देतात? जिच्या बाळाचे ठोके अचानक मंदावलेत, जिचा रक्तस्राव थांबत नाही, जिचं रक्त नीट गोठत नाही तिला. ती दुसऱ्या दिवशी सुस्त दिसली, तर एकट्या भुलीला दोष कसा द्यायचा?

१९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने सुमारे २६ टक्के रुग्ण अशा चाचण्यांत मागे पडले होते, तीन महिन्यांनी १० टक्के. पण ते सगळे साठीचे आणि त्यापुढचे. ते आकडे तरुण बाळंतिणीला लावण्यात अर्थ नाही.

दोन महिन्यांनी विसरभोळेपणा दिसला की घरचे म्हणतात, “भुलीमुळंच झालं हे.” तोवर औषध शरीरातून कधीच निघून गेलेलं असतं. तुटक झोप, हिमोग्लोबिन, थायरॉईड, खचलेलं मन, आधी हे तपासायचं. बाळंतपणानंतर आई असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.